बाबांनी कोंबडी खायला सुरुवात केली तेव्हा

आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. सदाशिव पेठेतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, आई, बाबा आणि मी. आईचा स्वयंपाक सोवळ्यातला नव्हता, पण स्वच्छतेचे तिचे नियम सोवळ्यापेक्षा कडक होते. कांदा-लसूण चालायचा, बाहेरचं मात्र शक्यतो नाही. अशा घरात बाबा साठीला टेकल्यावर कोंबडी खायला लागले. नुसती कोंबडी नाही, मोकळ्यावर हिंडलेली, दाणे टिपत वाढलेली.

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसमध्ये होते. मोठ्या तिरक्या फळ्यावर कागद ताणून लावायचा आणि यंत्राच्या भागांची चित्रं काढायची हे त्यांचं काम. पुढे कारखान्यात परदेशी भागीदार आला, त्यापाठोपाठ संगणक आले आणि फळे गोदामात गेले. बाबांनाही स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. 'स्वेच्छा' हा शब्द ते नेहमी जरा थांबून उच्चारायचे. योगायोग असा, की त्याच सुमारास मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. बाप संगणकामुळे घरी बसला आणि मुलगी संगणकावर जेवायला लागली, असं आमचे शेजारी तोंडावर म्हणायचे. पुण्यात असल्या गोष्टी पाठीमागे बोलायची पद्धत नाही.

घरी बसल्यावर दोनेक वर्षांत बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. ते निभावलं, पण अंगावर मांस धरेना. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल लोंबायची. दूध पचत नव्हतं, डाळींनी पोट फुगायचं, औषधाच्या दुकानातली प्रोटीनची पावडर ते उलटून टाकायचे. डॉक्टर आमच्याच गल्लीतले, जुने.

ते म्हणाले, "अंडी द्या, चिकनचं सूप द्या."

"आमच्याकडे चालत नाही," आई म्हणाली.

"तुमच्याकडे चालत नसेल, त्यांच्या रक्ताला चालतं," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

आई रडली नाही की भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तुळशीबागेत जाऊन एक नवा छोटा कुकर घेऊन आली. त्याच्या मुठीला तिने लाल दोरा बांधला. गॅलरीत जुनी शेगडी मांडली, शेजारी वेगळं पातेलं, वेगळा चमचा, वेगळी वाटी. "मी हात लावणार नाही. तू कर," ती मला म्हणाली. मग बाबांकडे वळून म्हणाली, "अहो, दुखण्यासाठी खायचंय ना? मग औषधासारखं खा. जेवणासारखं नको."

अंड्याच्या वासानेच बाबांना मळमळलं. राहिली कोंबडी. मी कॅम्पातल्या एका दुकानात जायला निघाले तर बाबा म्हणाले, मीही येतो. जे पोटात घालायचं ते आधी बघायला हवं, असं त्यांचं म्हणणं. दुकान जुनं होतं, दुकानदारही पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातलाच. बाहेर जाळीच्या पिंजऱ्यात पांढऱ्या कोंबड्या एकीला एक चिकटून बसलेल्या. छातीची पिसं झडून खालची कातडी लाल दिसत होती. बाबा बराच वेळ तिथेच उभे राहिले.

त्यांनी दुकानदाराला विचारलं, "या चालतात का हो?"

"चालून कुठे जाणार साहेब?" तो म्हणाला. त्यात चेष्टा नव्हती. त्याला खरंच प्रश्न पडल्यासारखं वाटलं.

आम्ही रिकाम्या हाताने परतलो. आईचा चेहरा उजळला. पण बाबा खुर्चीत बसता बसता म्हणाले, "खायची तर हिंडलेली खाईन. जी आयुष्यात धड उभीसुद्धा राहिली नाही, तिला मारून मी कुठे उभा राहणार?"

"हिंडलेली म्हणजे?" आई म्हणाली. "आता कोंबडीची कुंडली बघणार का?"

माझ्या ऑफिसात लोणी काळभोरचा एक सहकारी होता. त्याला विचारलं तर तो हसायला लागला. म्हणाला, "माझ्या चुलतीकडे चला. तिच्या कोंबड्या सगळा गाव हिंडतात. संध्याकाळी परत आल्या की तिलाच नवल वाटतं."

तेव्हा मी नुकतीच गाडी घेतली होती. हडपसर सोडून सोलापूर रस्त्याला लागलं की बाबा काच खाली करायचे. सहकाऱ्याच्या चुलतीला आम्ही मावशी म्हणायला लागलो. पत्र्याचं घर, पुढे सारवलेलं अंगण, मागे बाभळी आणि पलीकडे कांद्याचं रान. कोंबड्या म्हणाल तर तपकिरी, काळ्या, एक मानेवर पिसंच नसलेली. उकिरडा उकरायच्या, मध्येच बाभळीवर चढून बसायच्या. मावशीने बाबांना बाज टाकून दिली.

"कंची देऊ?" तिने विचारलं.

बाबा गोंधळले. "तुम्हीच ठरवा. मला दाखवू नका."

"आन् हितवर बगाया आलात ते?" मावशी हसली. मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी बी खात न्हाई माज्या कोंबड्या. घरातली समदी खात्यात. मला गिळत न्हाई."

मग मावशीचा मुलगा घरामागे जायचा आणि आम्हाला स्टीलच्या डब्यात साफ केलेलं मांस मिळायचं. ते कसं शिजवायचं तेही मावशीनेच शिकवलं. आलं, लसूण, हळद, मीठ आणि मंद आच. हिंडलेल्या कोंबडीचं मांस चिवट, त्याला घाई चालत नाही. आमच्या गॅलरीत पहिल्यांदा तो वास सुटला तेव्हा आईने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. बाबांनी वाटी तोंडाला लावली. एक घोट, मग दुसरा. उलटी झाली नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला. "गरम आहे," एवढंच ते म्हणाले.

पुढे दर रविवारचा हा नेमच झाला. बाबा गॅलरीत, घडीची खुर्ची, समोर स्टूल, त्यावर वाटी. समोर शेजारच्या इमारतीची भिंत. आईने रविवारचा उपास धरला. कुठल्या देवाचा ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. बाकीच्या दिवशी मात्र दोघं पूर्वीसारखी एकत्र जेवायची. त्या दोघांचं जेवण हे आमच्या घरातलं एक जुनं दृश्य होतं. आई वाढायची, बाबा हात ताटाबाहेर ठेवून थांबायचे. ती बसली आणि तिने पहिला घास घेतला की मगच ते सुरुवात करायचे. मी लहानपणी भुकेने कासावीस व्हायचे, पण ते थांबणं चुकायचं नाही.

बाबा सुधारले. कॉलर मानेला बसायला लागली. जिन्यात आता ते मध्ये थांबत नसत. तपासणीच्या वेळी डॉक्टर समाधानाने म्हणाले, "छान. आता बंद केलंत तरी चालेल."

घरी येताच आईने लाल दोऱ्याचा कुकर घासला, उन्हात वाळवला आणि माळ्यावर टाकला. शनिवारी संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

"कुठे?" आई आतून म्हणाली.

"लोणीला."

"डॉक्टर बंद करा म्हणाले."

"बंद केलं तरी चालेल म्हणाले. करा असं नाही म्हणाले."

आई बाहेर आली. पदराला हात पुसत होती. "मग आता कशासाठी?"

बाबांना काहीही सांगता आलं असतं. अजून अशक्तपणा वाटतो, एवढं म्हणाले असते तरी आईने माळ्यावरून कुकर काढून दिला असता. पण ते म्हणाले, "आवडतं मला."

मला वाटलं आता धर्म, कूळ, लोक काय म्हणतील, असं काहीतरी येणार. तसं काहीच आलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं मी जे रांधलं, ते आवडत नव्हतं."

"तसं नाही गं," बाबा म्हणाले. आई आत गेली.

तो प्रश्न तिथेच पडून राहिला. दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून कुकर काढला आणि आम्ही लोणीला गेलो. त्या रविवारपासून आई त्यांच्याबरोबर कुठल्याच दिवशी जेवायला बसली नाही. त्यांचं ताट वाढायची, नीट वाढायची, लोणचंसुद्धा त्यांच्या आवडीचं. आणि मग ओटा आवरायला लागायची. "तू बस ना," बाबा पहिले काही दिवस म्हणाले. "मला अजून भूक नाही," ती म्हणायची. हळूहळू त्यांनी म्हणणं सोडलं. मग तेही ताट घेऊन गॅलरीतच बसायला लागले, वरण-भाताचं ताटसुद्धा.

एकदा लोणीहून येताना मी म्हटलं, "बाबा, सोडून द्या ना हे. आईला त्रास होतो."

ते काचेबाहेर बघत होते. फुरसुंगीच्या आसपास तेव्हा नवीन इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. म्हणाले, "कळतं मला. पण बघ, आयुष्यभर जे समोर आलं ते घेतलं. नोकरी वडिलांनी बघितली. बायको आत्याने बघितली, ती चांगली निघाली हा भाग वेगळा. कंपनीने जा म्हटलं, गेलो. ही एकच गोष्ट मी स्वतः जाऊन, बघून निवडली. लहान आहे, मान्य आहे. पण मी निवडली." थोड्या वेळाने म्हणाले, "तिच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं."

"मग हेच आईला सांगा."

"सांगेन," ते म्हणाले.

सांगितलं नसावं.

पुढच्या वर्षी मला कंपनीने अमेरिकेला पाठवलं. ऑनसाइट जायला मिळणं म्हणजे तेव्हा लग्न ठरल्यासारखं असे, ऑफिसात पेढे वाटले जात. मी गेले. आठवड्यातून दोनदा फोन करायचे.

"बाबा जेवले?"

"जेवले."

"तू?"

"मी नंतर."

मी नव्हते म्हणून लोणीला जाणंही थांबलं. बाबांना तेवढं अंतर स्कूटरवर जमत नव्हतं, रांधायलाही कुणी नव्हतं. त्यांनी आईला म्हटलं नाही आणि आईने विचारलं नाही. म्हणजे त्या काळात घरात कोंबडी नव्हतीच. गॅलरीतली शेगडी आणि तो कुकर आईने पुन्हा माळ्यावर टाकले होते. तरीही बाबा गॅलरीत जेवत होते आणि आई स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून. भांडण ज्यावरून झालं ते कधीच घरातून गेलं होतं. त्यांची जेवायची जागा मात्र बदलली ती बदललीच. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं. कुणीतरी एकाने सहज म्हणून ताट दुसऱ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं असतं तर ते तिथेच संपलं असतं. दोघंही वाट बघत असणार.

मी परतले तेव्हा विमानतळावर बाबा आले नव्हते. घरी आले तर पलंगावर बसलेले, कॉलर पुन्हा सैल. दुखणं उलटलं होतं. या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, त्यांना हवं ते खाऊ द्या.

त्यांना काहीच नको होतं. पेज नको, मऊ भात नको. आई वाटी घेऊन जायची आणि तशीच परत आणायची. एका सकाळी मी ऑफिसला निघत असताना ती माळ्याखाली स्टूल ओढून उभी होती. वरून तिने तो कुकर काढला. लाल दोरा विटून गुलाबी झाला होता.

"सुट्टी काढ," ती म्हणाली. "लोणीला जाऊ. आज मी करीन."

"आई, तू?"

"मग कोण? ओट्यावरच करीन. आपल्या गॅसवर."

शेजारच्या काकूंना बाबांपाशी बसवून आम्ही निघालो. आई गाडीत अवघडून बसली होती, मांडीवर स्टीलचा डबा. वाटेत तिने दोनदा विचारलं, लसूण ठेचून घालायचा की चिरून. मी सांगितलं, ठेचून.

मावशीचं घर मला आधी ओळखूच आलं नाही. कांद्याच्या रानात लांबच लांब शेड उभी होती, दोन्ही बाजूंना पिवळे पडदे सोडलेले, आत पंख्यांची घरघर. वास अंगणापर्यंत येत होता. अंगणात फरशी बसवली होती. मावशी बाहेर आली, मला बघून हरखली आणि आईला बघून एकदम पदर सावरला.

"कोंबडी हवी होती," आई म्हणाली. "ते नेत होते तसली."

मावशी खाली बघायला लागली. "न्हाई वो बाई आता. ल्येकानं कंपनीचं काम घेतलंय. पिल्लं त्येंचीच, खाद्य बी त्येंचंच, आपण निस्ती वाढवून द्यायची. त्येंचा नेम हाय, शेडजवळ गावरान ठिवायची न्हाई. रोग येतो म्हनत्यात. समदी काढून टाकली." मग म्हणाली, "ल्येक म्हनला, आई, तुज्या हिंडत्या कोंबड्यांवर घर चालायचं न्हाई. खोटं बी न्हाई त्येचं."

तिचा मुलगा शेडमधून आला. म्हणाला, "ह्यातली न्या की काकू. ताजी हाय." त्याने पडदा जरा वर केला. आत भुशावर पांढऱ्या कोंबड्याच कोंबड्या होत्या, जमीन दिसत नव्हती. आईने वाकून आत पाहिलं. मला वाटलं ती घेईल. घेऊन बाबांना सांगेल की लोणीचीच आहे, आणि तसं ते खोटंही ठरलं नसतं.

"नको," ती म्हणाली. "यांना त्या चालायच्या नाहीत."

मी तिच्याकडे बघितलं. 'यांना' हा शब्द तिने असा उच्चारला, जणू बाबांची ही आवड तिला पहिल्यापासून पाठ होती.

मग तिने मावशीला विचारलं, "ते बसायचे कुठे?"

मावशीने भिंतीपाशी उभी करून ठेवलेली बाज आडवी केली. आई तिच्यावर बसली. समोर आता शेडची भिंत होती. मावशीने चहा आणला. आईने तो घेतला, बाहेरचं काही न घेणाऱ्या माझ्या आईने.

"गप बसायचे," मावशी म्हणाली. "तास तास कोंबड्या बगत. बोलले तर तुमच्या आमटीचं बोलायचे. चिंच-गुळाची म्हनं. मी म्हनलं, त्यास्नी घिऊन या की एकदा. निस्ते हसले."

आईने कप खाली ठेवला. निघताना मावशीने तिच्या डब्यात घरची तूरडाळ भरून दिली. रिकामा डबा परत द्यायचा नसतो म्हणाली.

घरी पोचलो तेव्हा बाबा जागे होते. आई हातपाय धुऊन थेट त्यांच्या पलंगावर जाऊन बसली.

"कुठे गेला होतात?" त्यांनी विचारलं.

"लोणीला."

"तू? लोणीला?" बाबा उशीवरून थोडे वर सरकले.

"हो. कोंबड्या नाहीत आता. शेड घातलीय मोठी. त्यातल्या नको म्हटलं मी."

"बरं केलंस," ते म्हणाले. मग कुतूहलाने विचारलं, "बाभळी आहेत?"

"दोन आहेत. मागच्या तोडल्या."

"आणि ती मावशी?"

"चहा दिला. प्यायले मी."

बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मी तसा पाहिला. त्यांनी आणखी आणखी विचारलं आणि आईने सगळं सांगितलं: अंगणातली फरशी, पिवळे पडदे, बाजेची सैल झालेली सुंभाची दोरी. मग ती उठून आत गेली आणि मावशीच्या डाळीची आमटी केली, चिंच-गूळ घालून, बाबांना सोसेल अशी पातळ. दोन ताटं घेऊन बाहेर आली. एक त्यांच्या पुढ्यात ठेवलं, एक स्वतःच्या मांडीवर घेतलं. बाबांनी हात ताटाबाहेर ठेवला. तिने घास घेतल्यावर त्यांनी चमचाभर आमटी तोंडात घातली, मग अजून थोडी. त्याहून जास्त त्यांना गेली नाही.

"आवडली?" आईने विचारलं.

"नेहमीच आवडते," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते थोडेच दिवस होते. त्या दिवसांत आई प्रत्येक वेळी त्यांच्याशेजारी ताट घेऊन बसली, पण बाबांच्या ताटात असायचं ते बहुतेक तसंच परत जायचं. श्रावण लागण्याआधी ते गेले.

आता आई माझ्याकडे कर्वेनगरला असते. आमच्या सोसायटीत फोनवरून मागवलेल्या पाकिटांवर हिरव्या गवतात फिरणारी कोंबडी छापलेली असते. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीने मध्यंतरी आईला कौतुकाने सांगितलं, "आजी, आम्ही आता फक्त फ्री रेंजच खातो, ते खूप एथिकल असतं." आईने पाकीट हातात घेऊन नीट पाहिलं आणि विचारलं, "तू जाऊन बघून आलीस का?" ती मुलगी हसली. आईने पाकीट परत दिलं.

त्या दिवशी दुपारी, मी लॅपटॉप मिटत असताना, तिने एकदम विचारलं, "त्यांनी माझ्यावर राग धरला होता का गं?"

"नाही," मी म्हटलं. आणि बाबा गाडीत म्हणाले होते ते तिला पहिल्यांदा सांगितलं, की तिच्या जागी मी असतो तर मलाही लागलं असतं.

मला वाटलं होतं, ऐकून तिला हलकं वाटेल.

"राग धरला असता तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "मी समजूत काढायला गेले असते."